थंड तारेचं माप

चाचणीच्या खोलीत घड्याळ नव्हतं.
मांडणीवर चाळीस वॉटचे तीनशे दिवे जळत असायचे,
हजार तास कोण टिकतो ते पाहायला;
वेळ त्यांच्यावरून कळायची.
मी सतरा वर्षांची. बाहेर उयपेश्तच्या रस्त्यांवर
कोळशाच्या धुरानं काळवंडलेला बर्फ.

पहिल्या दिवशी गिझेला नेनीनं माझ्या तळहातावर
एक तार ठेवली. ठेवली म्हणाली म्हणून ठेवली,
मला ना दिसली, ना जाणवली.
"टंगस्टन," ती म्हणाली. "श्वास जपून सोड."

मग सेतूवर माप घ्यायला शिकवलं.
प्रवाह अगदी नखाएवढा सोडायचा.
जास्त सोडलास तर तार तापेल,
आणि तू तुझ्या प्रश्नाचीच ऊब मोजत बसशील.
काटा हेलकावला, मधे येऊन थांबला:
चौऱ्याऐंशी ओहम.
तोच दिवा पुरता उजळल्यावर
बाराशे दहा.
मी वहीत दोनदा खोडलं.

"बरोबर आहे, पोरी.
गारठ्यात अणू आपापल्या जागी निमूट असतात,
इलेक्ट्रॉन मधल्या वाटेनं सहज निघून जातात.
तापले की जो तो जागच्या जागी थयथयतो,
मग धक्का खाल्ल्याशिवाय कोण पुढे सरकेल?
पुस्तकात याला रोध म्हणतात.
मला विचारशील तर थरथर म्हण."

भट्टीवरचा ओडोन एका नळीतून
भट्टीच्या पोटात बघायचा.
नळीत बारीक तार, हाताशी एक खुंटी.
तार भट्टीहून गार असली की काळी रेघ,
जास्त तापली की पांढरा ओरखडा,
आणि दोघींचं जमलं
की तार दिसेनाशी.
"आता घे आकडा!" तो ओरडायचा.
नेनी तेव्हा खिडकीकडे बघायची.
तिचा लास्लो तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात,
शेतांतून चालत सीमेपलीकडे गेला होता.

तापमान दुप्पट झालं की किरणं सोळापट,
हा नियम मी पाठ केला होता.
नेनी हसली. तो काजळासारख्या काळ्याकुट्ट वस्तूचा.
टंगस्टन गार असताना चकचकीत, हातचं राखून देणारं;
तापत जातं तसा त्याचा हात सैल होतो,
सोळावर भागत नाही.

दिवे आम्ही दिवसातून दोनदा विझवून पुन्हा लावायचो.
आणि गेले त्यातले बहुतेक तेव्हाच गेले,
बटण दाबताना.
जळता जळता फार थोडे.
थंड तार कुणाला अडवत नाही,
सगळी दारं सताड, प्रवाहाचा लोंढा एका झटक्यात आत;
तापून अडवायला शिकेपर्यंत
जिथं झिजलेली असते तिथं ती तुटते.
बारीकसा आवाज येतो. टिक्.

फेब्रुवारीत पत्र आलं.
कुणीतरी आधीच उघडून परत चिकटवलेलं,
खळ कोपऱ्यावर वाळून पिवळी झालेली.
नेनीनं ते हातातच धरलं, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.
मग माझ्यापुढे केलं.
चेहरा खोलीइतकाच गार.
"तू वाच. पण एकदम नको.
आधी तारीख."

मी तारीख वाचली.
ती दिव्यांकडे बघत राहिली.
"आता गाव."
हॅमिल्टन, मी म्हटलं, कॅनडा.
"हं."
ओडोन दारात आला, आमच्याकडे पाहून
टोपी काढून तसाच मागे फिरला.
"आता पहिला शब्द. एकच."

"आई," मी वाचलं.

तिच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या.
बोटं टेबलाच्या कडेवर.
"थांब," ती म्हणाली. "जरा तापू दे."

खाली अजून सव्वादोन पानं होती.